घरातली वकील

"घरात वकील असताना बाहेरचा कशाला शोधायचा?" गावचे वडीलधारे असानाली अता यांनी चहाची वाटी खाली ठेवत विचारलं. सकाळपासून चौथ्यांदा.

"अता, मी वकील नाही," अनारा म्हणाली. हेही चौथ्यांदा.

"बिश्केकला पाच वर्षं कायदा शिकलीस ना? तुला पदवी मिळाली तेव्हा आम्ही घोडी कापली होती. दुवा मी स्वतः मागितली होती."

"कायदा शिकले. वकील झाले नाही."

"मग ती घोडी कशाची खाल्ली आम्ही?"

अनारानं कपाळाला हात लावला. पहाटे बिश्केकहून निघून, दोन घाटांतल्या बर्फातून गाडी काढत ती तालुक्याला पोचली होती आणि आईला न भेटताच थेट कोठडीच्या दारात जाऊन उभी राहिली होती. तिचा धाकटा भाऊ एर्मेक काल संध्याकाळपासून तिथे होता. चुलत्याच्या गाडीनं त्यानं शेजारच्या कालिचाला उडवलं आणि तो तसाच पुढे निघून आला, असं पोलीस म्हणत होते. एर्मेकही तसंच म्हणत होता. कालिचा गाई घेऊन घरी परतत होती. तिचा पाय मांडीत मोडला होता आणि ती प्रांताच्या इस्पितळात पडून होती.

कोठडीच्या दारावरच्या पोरसवदा शिपायानं अनाराकडे ओळखपत्र मागितलं. तिनं दिलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. त्यावर डेअरीचं चिन्ह होतं, गळ्यात घंटा बांधलेली हसरी गाय.

"एजे," थोरल्या बाईला म्हणतात तसं तो म्हणाला, "हे दह्याचं ओळखपत्र आहे."

"मी त्या डेअरीची कायदेसल्लागार आहे."

"वकिलीची सनद?"

"सनद नाही, पण..."

"मग एजे, तुम्ही बहीण आहात. बहिणींनी डबा खिडकीवर द्यायचा."

आणि कायदा शिकलेल्या अनारानं डबा खिडकीवर दिला. त्या पोराचं काही चुकलं नव्हतं, हेच तिला जास्त झोंबत होतं.

आता ती तेच आईच्या घरात, जमलेल्या नातलगांना समजावत होती. "मी दुधाचे करार लिहिते. दूध नासलं तर जबाबदार कोण, पुरवठा थांबला तर काय. फार तर दिवाणी कज्ज्यात कंपनीतर्फे उभी राहते. फौजदारी गुन्ह्यात धरलेल्या माणसाजवळ फक्त वकील बसू शकतो. परीक्षा दिलेला, सनद घेतलेला. कायदा शिकलेला प्रत्येक जण वकील नसतो."

कोपऱ्यात चुलीपाशी बसलेली तिची आई तुर्सुनाय हळूच म्हणाली, "म्हणजे तू डॉक्टरच, पण गुरांची?"

"हो आपा. तसंच समज."

"हे आधी का नाही सांगितलंस?" अता खरोखरच दुखावले होते. "गावात मी सगळ्यांना सांगत फिरलो, आमच्याकडे वकील आहे म्हणून."

थोरले चुलते सादिकबेक इतका वेळ खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. ते वळले. "अता, वकील लागणारच नाही. उगाच कशाला डोकं शिणवता? मी सव्वीस वर्षं सरकारी वकिलाच्या कार्यालयात काढली. साध्या प्रकरणात वकील शिरला की त्याचा गुंता होतो. पोरानं कबूल केलंय, तो प्यायलेला नव्हता. मी दोन ठिकाणी बोललोय. उद्या न्यायाधीशासमोर नेतील, गाव न सोडण्याचं लिहून घेतील, आणि पोरगा घरी."

"आबा, तुम्ही आरोप ठेवणाऱ्यांच्या बाजूला होतात. सव्वीस वर्षं," अनारा म्हणाली. "आरोपीच्या बाजूनं एकदा तरी उभे राहिलात का?"

"म्हणूनच सांगतोय. वकील काय करतात ते मी समोरून पाहिलंय. बडबड."

तुर्सुनायला काहीच उलगडेना. "पण सरकार फुकट वकील देतं म्हणतात. तो सरकारी वकील म्हणजे आबाच ना?"

"नाही गं आपा! सरकारी वकील सरकारच्या बाजूनं. सरकारनं दिलेला वकील एर्मेकच्या बाजूनं."

"दोघांना पगार सरकारच देतं?"

"हो."

"मग ते भांडतील कशाला?"

आईच्या प्रश्नात चूक काढणं सोपं नव्हतं.

असानाली अता गावातल्या वडीलधाऱ्यांच्या पंचमंडळाचे प्रमुख होते. त्यांना आपला मार्ग सुचला होता. "सोडा ते सगळं. प्रकरण आमच्याकडे वळवा. कालिचाचा नवरा माझ्या शब्दाबाहेर नाही. मेंढी कापू, माफी मागू, मिटवून टाकू."

"अता, तुमच्याकडे पाटाच्या पाण्याचं भांडण येतं, कुंपणाचं येतं. माणसाला जखमी करून पळालेलं प्रकरण तुम्हाला ऐकताच येत नाही. कायद्यानं मनाई आहे."

"कुणी केला हा कायदा?"

"मी नाही केला!" अनारा ओरडलीच.

मग सादिकबेक शांतपणे म्हणाले, "शिवाय एर्मेकनं वकील नको असं लिहून दिलंय. विषय संपला."

अनारानं त्यांच्याकडे पाहिलं. कोठडीत बसलेल्या पोरानं काय लिहून दिलं, हे यांना कसं कळलं? पण ते दोन ठिकाणी बोलले होतेच. तिनं तो विचार बाजूला सारला.

*

बुरुल एजे दुपारी आली, हातात कातडी पिशवी घेऊन. सादिकबेकची ही धाकटी बहीण एकोणीस वर्षांपासून तालुक्यात नोटरी होती. त्या काळात तिनं एक गोष्ट पाहिली होती, लोकांना तिची आठवण दोनदाच येते, लग्नाच्या आमंत्रणाच्या वेळी आणि शिक्का हवा असतो तेव्हा. म्हणून थोरल्या भावानं तिला दारातच गाठून बाजूच्या खोलीत नेलं, तेव्हा तिला नवल वाटलं नाही.

"शिक्का आणलायस ना?"

"तो कचेरीच्या तिजोरीत असतो. काय हवंय?"

त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून टंकलेला कागद काढला. मुखत्यारपत्र होतं. सादिकबेकनं आपली पांढरी गाडी पुतण्या एर्मेकला चालवायला दिली आहे, असं त्यात होतं. खाली तारीख होती गेल्या महिन्याची. बुरुलनं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"आज काय तारीख आहे दादा?"

"बुरुल, आत्ता नको."

"आज एकोणीस मार्च. ह्यावर फेब्रुवारी आहे. माझी नोंदवही क्रमानं चालते, आणि आता ते सगळं त्याच क्षणी संगणकात जातं. फेब्रुवारीत मी शिक्का मारलाच नाही तर तो फेब्रुवारीत उमटणार कुठून?"

"तांत्रिक गोष्ट आहे. पोराच्या अंगावर गाडी चोरून नेल्याचा आरोप येऊ नये म्हणून. त्याच्याच भल्यासाठी."

"तू त्याला गाडी दिली होतीस?"

"दिली होती."

"तू?" बुरुल हसली, पण ते हसू लगेच विरलं. "मागे मी तुझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसले तर तू खाली प्लॅस्टिक अंथरलं होतंस. ती गाडी तू ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या पोराला दिलीस? मिर्लानशिवाय तिच्या स्टिअरिंगला कुणी हात लावलेला मी पाहिला नाही."

सादिकबेकनं खिडकीबाहेर पाहिलं.

"मिर्लान कुठे आहे?" तिनं विचारलं.

"घरी. ताप आहे त्याला."

मिर्लान म्हणजे सादिकबेकचा एकुलता एक मुलगा. महिनाभरात तो बापाच्याच जुन्या कार्यालयात रुजू होणार होता. नेमणुकीचं पत्र आलं होतं, नवा गणवेश शिवून झाला होता. बुरुलनं कागदाची घडी घालून भावाच्या हातात परत दिली.

"आयुष्यभर तू दुसऱ्यांच्या खोट्या तारखा पकडल्यास," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुला त्याची चीड आहे."

"तू माझी बहीण आहेस का नोटरी आहेस?"

"आत्ता विचारलंस म्हणून सांगते, दोन्ही आहे. आणि दोघींचंही उत्तर नाही असंच आहे."

ती बाहेर आली. अनारा अंगणात चिखलात उभी राहून फोनवर कुणाशी तरी वाद घालत होती. बुरुलनं तिचा फोन खाली करायला लावला.

"वकील बोलाव. सरकारी यादीतली जानिल म्हणून आहे, तिला. फुकट आहे म्हणून नाक मुरडू नकोस."

"एर्मेकनं नको म्हणून लिहून दिलंय, एजे."

"तो नकारसुद्धा वकिलासमोर द्यावा लागतो. नुसत्या कागदाला किंमत नाही."

"नाही म्हणायलाही वकील लागतो?" अनाराला हसावं का रडावं कळेना. "हे मला कसं माहीत नाही?"

"कारण तू दह्याची आहेस." बुरुलनं आवाज खाली आणला. "आणि ऐक. दादानं आत्ता मला गेल्या महिन्याच्या तारखेचा कागद करून मागितला. गाडी एर्मेकला दिली होती असा. मी केला नाही. बाकी तू शिकलेली आहेस."

अनारा तशीच उभी राहिली. सकाळपासून घरात नातलगांची रीघ लागली होती. लांबलांबचे मामा येऊन गेले होते. एकटा मिर्लान आला नव्हता, ताप आहे म्हणे. एर्मेक आणि मिर्लान एकाच आठवड्यात जन्मले होते. मिर्लानची आई बाळंतपणात आजारी पडली, तेव्हा तुर्सुनायनं दोघांना एका वेळी अंगावर पाजलं होतं. असा भाऊ कोठडीत असताना नुसत्या तापानं घरी बसेल?

*

जानिल टॅक्सीत इतर तीन उतारूंबरोबर कोंबून आली. पन्नाशीची, बुटकी, बूट घोट्यापर्यंत चिखलात. असानाली अतांनी तिला पाहून तोंड वाकडं केलं. त्यांच्या मनातल्या वकिलाला निदान उंची होती.

तिनं सनद दाखवली, एर्मेकच्या नावाचं पत्र दाखवलं, अर्धी वाटी चहा प्यायली आणि कुणालाही काही विचारलं नाही. सादिकबेकनं तिला प्रकरण समजावून सांगायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, "आधी ज्याचं आहे त्याच्याकडून ऐकते." आणि उठली.

अनारानं तिला कोठडीपर्यंत नेलं आणि गाडीत बसून राहिली. सकाळच्याच शिपायानं जानिलची सनद पाहिली आणि दार उघडलं. इतकं सोपं होतं ते. दोन तास गेले. जानिल बाहेर आली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "त्याला लोकरी मोजे हवेत. आणि वकील हवी म्हणतोय."

"आणखी?"

"आणखी मला सांगता येणार नाही."

अनाराला हे पाठ होतं. परीक्षेत तिनं यावर उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते. तरीही घरी पोचेपर्यंत तिचे दात आवळलेलेच राहिले.

घरात तर भडकाच उडाला.

"सांगता येणार नाही म्हणजे काय?" सादिकबेक उभेच राहिले. "मी त्याचा चुलता आहे. बापाच्या जागी आहे."

"आपण सव्वीस वर्षं या खात्यात होतात," जानिल मोजे पिशवीत भरत म्हणाली. "मी वेगळं काय सांगू?"

"मला?" अतांनी छातीवर हात ठेवला.

"तुम्हालाही नाही, अता."

"त्याच्या आईला?" अतांनी पुन्हा विचारलं.

"आईलाही नाही. तो माझ्याशी जे बोलला ते त्याचं आहे. त्यानं सांगितलं तरच बाहेर येईल."

"कमाल आहे!" अता भिंतीला टेकले. "एक बोलते पण आत जाऊ शकत नाही. दुसरी शिक्का मारते पण तो तिजोरीत ठेवून येते. तिसरी आत जाऊन येते आणि मुकी होते. अरे, मग तुम्ही सगळे कायदेवाले आहात कशाला? आमच्या वेळी एक मुल्ला आणि एक सरपंच होता, दोघांत काम व्हायचं!"

"काम व्हायचं, पण कुणाचं?" बुरुल म्हणाली.

"बुरुल, तू गप्प राहा," सादिकबेक म्हणाले.

"दुपारपासून गप्पच आहे दादा. म्हणून तर तू अजून इथे बसलायस."

खोलीतली माणसं आता दोन बाजूंना बसल्यासारखी झाली. अता सादिकबेकच्या शेजारी सरकले होते. बुरुल उठून अनाराजवळ आली होती. चुलीपाशी तुर्सुनाय एकटीच होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दिवसभर नव्हतं. ती चहा ओतत होती, आणि चहा ओतणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही.

*

तुर्सुनायनं सगळं पाहिलं होतं.

काल संध्याकाळी ती गोठ्यात होती. गाडी अंगणात शिरली तशी गोठ्याच्या दारातून तिला स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडताना दिसलं. त्यातून मिर्लान उतरला. कुंपणाला धरून ओकला. एर्मेक दुसऱ्या बाजूनं धावत आला आणि त्यानं मिर्लानला धरलं. पुढचा दिवा फुटलेला होता. अर्ध्या तासानं आबा चालत आले. तिघं आत बोलत बसले. मग आबा गोठ्याच्या दाराशी आले. धाकट्या भावाच्या बायकोला ते सूनबाईच म्हणत. म्हणाले, "सूनबाई, तू धार काढत होतीस. तुला काही दिसलं नाही."

या घरात आल्यापासून तेहतीस वर्षांत ती त्यांना कधी उलटून बोलली नव्हती. नवरा गेला तेव्हा छप्पर यांनीच घालून दिलं. अनाराला बिश्केकला यांनीच धाडलं. आणि ते पोर, कुंपणाला धरून थरथरणारं, तिच्याच दुधावर वाढलेलं होतं. तिला वाटलं होतं, एवढे कायदेवाले जमताहेत, कुणीतरी काढेलच मार्ग. आपण अडाणी बाई, आपण मध्ये कशाला? पण आज दिवसभर ऐकून तिला एवढं कळलं होतं की जो तो आपापल्या दारापर्यंत जाऊन थांबत होता. त्यापलीकडे कुणालाही जाता येत नव्हतं.

तिनं किटली खाली ठेवली.

"अनारा, ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय त्याला कचेरीत काय म्हणतात?"

अनारा तिच्याकडे वळली.

"साक्षीदार, आपा."

"त्याला परीक्षा द्यावी लागते?"

"नाही."

"सनद?"

"नाही आपा. काहीच लागत नाही."

"सूनबाई," सादिकबेक हळू आवाजात म्हणाले. त्या आवाजात धमकी नव्हती, विनवणी होती, आणि ती जास्त वाईट होती. "त्याचं आयुष्य जाईल. तुझ्या दुधावर वाढलाय तो."

"दोघंही वाढलेत," तुर्सुनाय म्हणाली. ती जानिलकडे वळली. "गाडी माझा मुलगा चालवत नव्हता. स्टिअरिंगमागून मिर्लान उतरला. मी पाहिलं."

अनारानं आईचा हात धरला.

असानाली अतांनी सादिकबेककडे पाहिलं. "हे खरं आहे?"

सादिकबेकनं टोपी उचलली. "खरं काय ते ठरवायला तुम्हाला कायद्यानं मनाई आहे," ते म्हणाले आणि दार न लावताच निघून गेले. म्हातारा त्यांच्या मागे गेला नाही. तो सरकून पुन्हा आपल्या जुन्या जागी बसला.

जानिलनं वही मिटली. "आपा, हे माझ्यासमोर बोलून उपयोग नाही. मी एर्मेकची वकील, तुमचा जबाब मी घेऊ शकत नाही. तो तपास अधिकारी घेईल. उद्या नऊ वाजता. एर्मेकला न्यायाधीशासमोर नेण्याआधी."

"म्हणजे पुन्हा दुसरं दार," तुर्सुनाय म्हणाली.

"हो आपा. पण हे तुमच्यासाठी उघडं आहे."

*

सकाळी नऊला तपास अधिकाऱ्याच्या खोलीत हीटर बंद होता. अधिकारी तरुण होता आणि त्याला सर्दी झाली होती. त्यानं तुर्सुनायचं नाव, जन्मसाल, पत्ता लिहून घेतला. खोटी साक्ष दिली तर शिक्षा होते हे वाचून दाखवलं. ती सही करायला लागली तर पेन चालेना, मग दुसरं पेन शोधण्यात पाच मिनिटं गेली. अनारा भिंतीपाशी बसली होती. तिला बोलायची परवानगी नव्हती.

तुर्सुनायनं पाहिलं ते सगळं सांगितलं. अधिकारी लिहीत गेला.

"गाडी कुणाची?"

"माझ्या थोरल्या दिरांची."

"नाव सांगा."

तुर्सुनाय थांबली. सुनेनं सासरच्या थोरल्यांचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. तिच्या सासूनं घेतलं नाही, तिनंही कधी घेतलं नव्हतं. शेजारच्या गावात त्याच नावाचा एक मेंढपाळ होता, त्यालाही ती 'ते दुसरे' म्हणायची.

"मुलांचे आबा," ती म्हणाली.

"आपा, तसं लिहिता येत नाही."

"तुम्हाला माहीत आहे की नाव. तुमच्याच भिंतीवर त्यांचा फोटो आहे." बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये निवृत्त अधिकाऱ्यांचे फोटो होते, ते तिनं येताना पाहिले होते.

"मला माहीत असून चालत नाही. साक्षीदारानं सांगावं लागतं."

अनाराच्या ओठांवर ते नाव आलं होतं. तिनं खालचा ओठ चावून धरला. अधिकारी शिंकला, नाक पुसलं, पेन कागदावर टेकवून वाट पाहत राहिला.

तुर्सुनायनं डोक्याचा रुमाल पुढे ओढला, नवी नवरी ओढते तसा, अगदी भुवयांपर्यंत. आणि म्हणाली, "सादिकबेक." मग बापाचं नाव. मग आडनाव, जे तिचंही होतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा कॉरिडॉरमधल्या बाकावर सादिकबेक बसले होते. शेजारी मिर्लान होता. त्याच्या अंगावर साधा कोट होता आणि डोळे सुजले होते. त्याच्या दुसऱ्या बाजूला चकचकीत बॅग मांडीवर घेतलेला एक उंच गृहस्थ होता, प्रांताच्या शहरातून आणलेला.

अनारा त्या बॅगेकडे बघतच राहिली. "हे कोण, आबा?"

त्या गृहस्थानंच अदबीनं मान झुकवली. "मी यांच्या मुलाचा वकील."

वकिलांची बडबड, साध्या प्रकरणातला गुंता, सगळं अनाराला आबांच्या तोंडावर फेकायचं होतं. पण ते रात्रभर झोपलेले नव्हते, दाढी केलेली नव्हती, आणि बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "चांगलं केलंत. आमच्या पोरालाही पहिल्याच दिवशी लागत होता."

मिर्लान उठून उभा राहिला. त्यानं तुर्सुनायकडे पाहिलं नाही. "आपा, मी काल रात्रीच सांगितलं होतं त्यांना. स्वतः येतो म्हणून. तुम्ही यायच्या आधी यायचं होतं मला."

"गाडी पोलिसांकडे, दुसरी कुठून मिळणार होती," तुर्सुनाय म्हणाली. त्याच्या कोटाची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती, ती तिनं सरळ केली आणि पुढे गेली.

दुपारी दोनला एर्मेकला सोडलं. खोटं बोलल्याबद्दल तपास अधिकाऱ्यानं आधी तासभर त्याला फैलावर घेतलं. बाहेर आल्यावर तो अनाराशी बोलला, जानिलचे आभार मानले, पण आईशी बोलेना. गाडीत बसल्यावर मात्र फुटला.

"कुणी सांगितलं होतं तुला? मी सांभाळलं असतं ना? माझी काय नोकरी जाणार होती? ट्रॅक्टर कुठे पळून जातात का? त्याचं सगळं संपलं आता! ऐकतेयस ना, आपा?"

"ऐकतेय."

"मग बोल काहीतरी!"

"कालिचाला दोन महिने उठता येणार नाही म्हणाले," तुर्सुनाय म्हणाली. "अनारा, घरी नको. त्यांच्या दारात गाडी थांबव."

कालिचाचा नवरा अंगणात होता. त्यानं गाडीतून कोण उतरतंय ते पाहिलं आणि हातातलं खोरं जमिनीत रोवून तो दारात आडवा उभा राहिला. गोठ्यातून गाई हंबरत होत्या. परवा संध्याकाळपासून त्यांना कुणी नीट हात लावला नव्हता, हे तुर्सुनायला आवाजावरूनच कळलं.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. माफी मागितली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. "कासा तटतटल्यात," एवढंच म्हणाली.

त्यानं गोठ्याकडे पाहिलं. मग बाजूला झाला. बादली कुठे आहे ते त्यानं सांगितलं नाही. ती तिची तिनं शोधली.

पहिल्या गाईखाली ती बसली तेव्हा मागे पावलं वाजली. वळून न बघता तिनं ओळखलं. एर्मेक काही न बोलता आला, वासराच्या गळ्यातली दोरी धरली आणि त्याला मागे ओढून उभा राहिला. त्याचा राग गेला नव्हता. वासरू जोरात हिसके देत होतं. त्यानं दोरी हाताला गुंडाळली आणि धरून ठेवली.